गाळलेल्या अठ्ठेचाळीस फाइली

"मॅडम, संध्याकाळपर्यंत एकाची नोकरी जाणार आहे. कोणाची ते तुम्ही सांगा," एवढं बोलून लातूर ऑफिसच्या माधवरावांनी फोन ठेवला.

मालविका नांदेडहून लातूरला आली तेव्हा एसटीनं तिची कंबर पार मोडली होती. तिचं काम प्रोग्राममधल्या चुका शोधायचं. माणसांच्या चुका शोधायचा तिला मनापासून वीट आला होता.

लातूरचं ऑफिस बंद होणार होतं. प्रोग्राम लिहिणाऱ्या दोघांपैकी एकालाच नांदेडला जागा. कोणी किती लिहिलं ते ठरवायला माधवरावांनी ओळी मोजायचं साधन चालवलं होतं. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप केली, की ते फोल्डरमागून फोल्डर चाळून ओळी मोजतं. सर्वेश नऊ हजार चारशे. रूपाली शून्य.

"शून्य कसं येईन मॅडम?" हिमायतनगरच्या रूपालीचे डोळे डबडबले होते. "टँकरच्या फेऱ्या लावायचा सगळा प्रोग्राम म्याच लिहिला."

"फोल्डर तर भरलेलं आहे तुझं."

"तिनं माझंच उतरवलंय," सर्वेश म्हणाला.

फाइलींच्या तारखांवरून काही कळत नव्हतं. आठवड्यापूर्वी सगळं नव्या मशीनवर हलवलं, तेव्हा सगळ्यांना एकच तारीख लागली होती.

"रूपाली, मशीन सोडून देतं ती, फक्त माणसांनी वाचायची टिपणं फाइलीत लिहितेस?" मालविकानं विचारलं.

"एक बी न्हाई. सवयच न्हाई."

टेबलावर सर्वेशचा रजेचा अर्ज पडला होता. माथ्यावर ॥ श्री ॥.

"प्रत्येक कागदावर लिहितोस?"

"हाव. फाइलीत सुद्धा टिपण तेवढं एकच, अगदी वर. वडिलांची शिस्त हाय. त्याबगर हात चालत न्हाई."

मालविकानं सुस्कारा सोडला आणि मोजणी पुन्हा लावली. फोल्डर दोन: '०_सर्वेश' आणि 'रूपाली'. फाइली एकशे सहा. गाळलेल्या अठ्ठेचाळीस. मोजलेल्या अठ्ठावन्न. त्यांत टिपणं दहा.

"माधवराव, तुम्ही फक्त शेवटचा आकडा वाचलात," ती थकल्या आवाजात म्हणाली. "हुबेहूब तीच फाइल दुसऱ्यांदा दिसली, की हे साधन ती गाळतं. जे फोल्डर आधी, ते मोजलं जातं. रूपालीच्या अठ्ठेचाळीसही फाइली म्हणून गळाल्या. सर्वेश, तुझ्या नावाआधी शून्य कशाला लावलंस?"

सर्वेश रजेच्या अर्जाची घडी घालू लागला. उत्तर तिनंच दिलं.

"यादीत वर यायला. तुझ्या फोल्डरमध्ये अठ्ठावन्न फाइली आणि टिपणं दहाच. म्हणजे श्री दहाच फाइलींत. त्या तुझ्या. बाकीच्या अठ्ठेचाळीस तू नुसत्या उचलून ठेवल्यास. अरे, एकदा उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीस. उघडल्या असत्यास, तर हात आपोआप श्री लिहून गेला असता."

"मुरुडला आई अंथरुणाला खिळलीय," सर्वेश खाली बघत पुटपुटला. "वर्षभर माझ्या हातून कामच झालं न्हाई."

मालविकाला त्याचा राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

माधवरावांनी घसा साफ केला. "रूपाली, सोमवारपासून नांदेडला या."

"येते सर. पण आधी यानं म्हणावं."

"काय म्हणू?" सर्वेशनं विचारलं.

"टँकरचा प्रोग्राम कोणाचा ते. सकाळधरनं समदे मला चोर म्हणून राहिले."

सर्वेशनं मान वर केली. "तुझा हाय, रूपाली. सगळा तुझा."

सकाळपासून धरून ठेवलेलं रडू तिला तेव्हा फुटलं.