प्रतिनगरातला पहिला दगड

कळसूर गावाला दुसरं कळसूर मिळालं त्याला वर्ष होत आलं होतं, आणि लोकांना त्याचं काही वाटेनासंही झालं होतं. पालिकेच्या जुन्या सभागृहात एक मोठं मेज होतं. बटण दाबलं की त्यावर उजेडाचं गाव उभं राहायचं. घाटाकडे उतरणारा रस्ता, देवळाचा कळस, मशिदीचा मनोरा, चर्चची घंटा, विहाराचा कट्टा, अगदी कोपऱ्यावरची भज्यांची गाडीसुद्धा. त्या गावाला म्हणायचं प्रतिनगर आणि त्यात हिंडणाऱ्या बोटभर माणसांना पडछाया. ज्यांनी ज्यांनी संमती दिली, त्या प्रत्येकाची एक पडछाया होती. चाल रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली, बोलणं वॉर्डाच्या सभांमधून घेतलेलं, स्वभाव नाना प्रश्न विचारून जोखलेला. चेहरा मात्र कुणालाच नव्हता. कोणती पडछाया कुणाची हे कळू नये, असा नियमच होता.

हा सगळा खटाटोप गावातल्या धर्मप्रमुखांसाठी होता. अफवा उठली, जमाव जमला, तर काय बोलायचं आणि काय नाही, हे आधी इथे करून बघायचं. चुकलं तर उजेडाचं गाव पेटायचं, खऱ्या गावाच्या केसालाही धक्का लागायचा नाही.

या वर्गातले सगळ्यांत हुशार विद्यार्थी म्हणजे शिवमंदिराचे गुरव, दिगंबरकाका. म्हणजे ते स्वतःच तसं सांगायचे. पण त्यात खोटं फारसं नव्हतं. वीस वर्षं ते शांतता समितीवर होते आणि त्यांचा भारदस्त आवाज ऐकला की तापलेली पोरंसुद्धा जरा वरमायची. येत्या गुरुवारी गणपतीचं विसर्जन आणि ईद-ए-मिलादचा जुलूस एकाच दिवशी येत होते. त्या दिवसासाठी सलोखा पथकाचं प्रमुखपद काकांकडे आलं होतं. पथकाचा पितळी बिल्ला ते आठवडाभर आधीपासूनच छातीवर मिरवत होते. "झोपताना तरी काढा," असं त्यांची मुलगी वैजू म्हणाली होती, आणि काका मनापासून हसले होते. बायको गेल्यापासून त्या घरात हसायला आणि रुसायला वैजूच काय ती होती.

सोमवारी दुपारी शेवटचा सराव होता. मेजाभोवती काका, जामा मशिदीचे हाफिज इम्तियाज बागवान, चर्चच्या रेव्हरंड मार्था साळवे आणि विहारातले भन्ते उभे होते. शिकवायला डॉ. ऋता सबनीस होत्या. प्रतिनगर घडवणाऱ्या चमूतल्या त्या, बोलायला मोजक्या आणि हसायला त्याहून मोजक्या.

"आजची अफवा मी दिलेली नाही," त्या म्हणाल्या. "यंत्रानं स्वतः निवडली आहे. पुलाजवळ एक मुलगी ट्रॅक्टरखाली आली. साधा अपघात आहे. पण मिरवणुकीतून बातमी फिरते की ट्रॅक्टर मुद्दाम अंगावर घातला, आणि तो जुलूसवाल्यांचा होता."

"मुलगी कुणाची?" मार्थाबाईंनी विचारलं.

"ते यंत्र सांगत नाही."

चौघांनी ठरलेलं सगळं चोख केलं. मेजावर त्यांच्या चार पडछाया लगबगीनं चौकातल्या व्यासपीठावर चढल्या; तिथे उभ्या असल्या तरच त्या कुणाच्या ते कळायचं. पडछायांनी हात हातात घेतले, छायाचित्र निघालं, माइक पुढे आला. काकांनी मेजाजवळच्या ध्वनिक्षेपकातून आवाहन केलं आणि यंत्रानं ते साऱ्या प्रतिनगरात घुमवलं. काकांच्या आवाजात त्या दिवशी काय गोडवा होता! मग पुढचं निवेदन यंत्राच्या आवाजात सुरू झालं, व्यासपीठावरचे तिघे बोलत राहिले, आणि काकांची पडछाया बाजूच्या गल्लीत शिरली. गर्दीच्या नादात ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

थोड्या वेळानं गल्लीतून एक पाठमोरी पडछाया चौकात आली. एकटीच. ती सरळ हिरव्या पताकांच्या कमानीसमोर गेली, वाकली, आणि तिनं दगड उचलून भिरकावला. पाठोपाठ शंभर दगड आले. मग आग. डॉ. सबनीसनी खेळ थांबवला.

"परत दाखवा," काका कडाडले. "त्या पहिल्याला मोठं करा."

पडछाया माणसाएवढी झाली आणि मेजाच्या कडेला चालू लागली, पाठ करून.

"नालायक!" काकांचा पारा चढला. "आमी घसा कोरडा करतोय आन् ह्यो बघा! पोरीला लागलं म्हणून काय गाव जाळायचं? गुरुवारी असला कुणी दिसला तर मी सोता त्याच्या बखोटीला धरून चौकीत नेतो. कोण हाय ह्यो? चालतो कसा बघा, पाय ओढत."

मार्थाबाई आपल्या चपलांकडे बघत होत्या. भन्तेंनी डोळे मिटले होते. हाफिजसाहेबांनी "काका," एवढंच म्हटलं.

काकांना काही उमजेना. आणि उमजणार तरी कसं? स्वतःला पाठमोरं चालताना कोण कधी बघतो? ते तावातावानं पुढे झाले, तसं खांद्यावरचं उपरणं घसरलं आणि सवयीनं त्यांचा डावा हात ते वर ओढायला गेला. त्याच क्षणी समोरच्या पडछायेचा डावा हातही खांद्याकडे गेला आणि तिनंही घसरलेलं उपरणं वर ओढलं.

काकांचा हात तिथेच राहिला. त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. विहिरीच्या कठड्यावरून पडल्यापासून अधू झालेला तो पाय. मग पडछायेच्या उजव्या पायाकडे पाहिलं. त्यांच्या कानात एकदम गच्च काहीतरी भरल्यासारखं झालं आणि पुढचं त्यांना लांबून ऐकू येऊ लागलं.

"मी न्हाई," ते म्हणाले. "तुमचं यंत्र बिघडलंय. वीस वर्षं झाली, मी... बाई, मी न्हाई हा!"

"यंत्र भविष्य सांगत नाही, काका," डॉ. सबनीस हळू बोलल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "शक्यता सांगतं. मला खरंच माहीत नव्हतं. ती मुलगी कोणत्या घरची, हे त्यानंच निवडलं."

म्हणजे ट्रॅक्टरखालची मुलगी वैजू होती. हे काकांच्या आता ध्यानात आलं आणि ते मटकन खुर्चीत बसले. सगळ्यांत भयंकर गोष्ट अशी होती की ती उजेडाची वैजू आहे हे ठाऊक असूनही त्यांच्या मुठी वळल्या होत्या. त्या त्यांनी स्वतःच पाहिल्या. छातीवरचा बिल्ला काढून त्यांनी मेजावर ठेवला.

"हा दुसऱ्या कुणाला तरी द्या."

बिल्ल्याला कुणी हात लावला नाही. हाफिजसाहेब मघापासून मेजावर वाकून काहीतरी शोधत होते.

"ताई, गल्लीत शिरल्यापासून दाखवा. काका घरी गेले, तिथून."

घराचं छप्पर पारदर्शक झालं. आत काकांची पडछाया जमिनीवर बसली होती. मग उठली, दारापर्यंत गेली, परत बसली. फोन उचलून कुणाला तरी लावला आणि ठेवून दिला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. बराच वेळ तेच चाललं. त्या घराकडे कुणीही फिरकलं नाही. शेवटी पडछाया उठली ती थेट चौकातच आली.

"फोन कुणाला लावत होते?" मार्थाबाईंनी विचारलं.

डॉ. सबनीसनी पाहिलं. "तुम्हा तिघांना. आलटूनपालटून."

"आणि आम्ही कुठे होतो?"

उत्तर साऱ्यांच्या समोरच होतं. तिघांच्या पडछाया व्यासपीठावर होत्या, एकमेकांचे हात धरून, माइकसमोर. शांततेचं आवाहन फार सुंदर चाललं होतं.

हाफिजसाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली. "परत लावा. माझी पडछाया स्टेजवर नको. काकांच्या घरी पाठवा."

उजेडाचं गाव पुन्हा जिवंत झालं. अफवा उठली, चौक भरला. हाफिजसाहेबांची पडछाया गर्दीच्या उलट दिशेनं निघाली, दोन गल्ल्या ओलांडून काकांच्या दारात पोचली आणि तिनं कडी वाजवली. आत काकांची पडछाया उठली. तिच्या हातात अंगणातला दगड होता. ती दाराशी आली.

आणि सगळं थिजलं. दाराच्या अलीकडे एक पडछाया, पलीकडे एक, मध्ये बंद दार.

"काय झालं?" भन्तेंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

डॉ. सबनीस बराच वेळ आकडे बघत राहिल्या. "यंत्राकडे पुढचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आजवर जसं वागलात, त्यावरून ते पुढचं काढतं. पण असं कधी घडलेलंच नाही. अशा वेळी या गावात कुणी कुणाच्या दारात गेल्याची एकही नोंद नाही."

आणि ते खरं होतं. ईदच्या दिवशी काका बागवानांकडे शिरखुर्मा प्यायला जात, छायाचित्रकाराला घेऊन. गणपतीत हाफिजसाहेब मंडपात येत, हार घालून घेत. दोन गल्ल्यांचं अंतर, पण काकांच्या घराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. काकांची बायको वारली तेव्हाही समितीतर्फे शोकसंदेश पाठवला गेला होता, सगळ्यांच्या सहीचा. या गोष्टीची आज पहिल्यांदाच सगळ्यांना लाज वाटली.

हाफिजसाहेब मेजाला वळसा घालून काकांच्या खुर्चीसमोर आले.

"काका, यंत्राला माहीत नाही. मग तुम्हीच सांगा. वैजूला, खुदा न करे, असं काही झालंय. गावभर बोंब आहे की आमच्या माणसांनी केलं. आणि मी ही टोपी घालून तुमच्या दारात उभा आहे. उघडाल दार?"

"हो" म्हणायला काय लागतं? काकांच्या जिभेवर आलंच होतं. वीस वर्षं याच प्रश्नाचं उत्तर ते माइकवरून देत आले होते आणि लोक टाळ्या वाजवत आले होते. पण त्यांची नजर मेजावर गेली. बंद दारामागे तो पाय ओढणारा माणूस दगड घेऊन अजून उभा होता. त्याच्यादेखत खोटं बोलणं काकांना जमेना. दाराबाहेरची पडछायाही हलली नव्हती.

"हाफिजसाहेब," काका शेवटी म्हणाले, आणि तो आवाज कुणाच्याच ओळखीचा नव्हता, "मी लगेच न्हाई उघडलं, तर तुमी किती वेळ थांबाल?"