जोडसाचा

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे घडलेलं आहे. लालासाहेब म्हणजे आमच्या आजीचे थोरले भाऊ. थापा मारणाऱ्यातला माणूस नव्हता तो. आणि हे सांगताना ते दरवेळी रडायचे.

साल १९४४. माघ महिना. जागा, सांगलीच्या पेठेतलं बाळगोंडांचं लोखंडी सामानाचं दुकान.

आणि वेळ रात्रीची नव्हे... भर दुपारची.

लालासाहेबांचं रान कवठे महांकाळकडच्या माळाला. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, भरात आला की काळविटांचे कळप उतरायचे आणि उभं पीक आडवं करायचे. घरात परवान्याची जुनी रायफल होती. तिच्या गोळ्या घरीच शिसं वितळवून ओतायच्या. पण गोळ्यांचा साचा तडकला होता, आणि नवा आणायचं काम लेकाकडं होतं.

लेक मानसिंग. एकुलता एक, हनुवटीवर लहानपणीचा वण. मराठा पलटणीत, तिकडं इटलीच्या लढाईवर.

तो निघाला तेव्हा लालासाहेबांनी जुन्या साच्यातली शेवटची गोळी त्याच्या हातावर ठेवली होती. त्या साच्यात आतून ओरखडा होता, म्हणून त्यातल्या प्रत्येक गोळीवर केसासारखी उभी रेघ उठायची.

"ही मापाला संगं ठेव. सुटीला येताना सांगलीत उतर. आन् साचा घेतल्याबिगर घरात पाऊल टाकू नगंस बघ!"

थट्टाच होती ती. मानसिंगही हसला होता.

दिवाळीपासून त्याचं पत्र नव्हतं. तारही नव्हती. हरणाबाई, त्याची आई, रोज त्याच्या वाटणीची भाकरी थापायच्या. निम्मा शाळू काळविटांनी खाल्ला तेव्हा लालासाहेब स्वतःच साचा आणायला निघाले. हरणाबाई दारात आडव्या आल्या.

"आवं, त्यो आणणार हाय न्हवं? तुमीच आणलासा तर त्यानं काय आणायचं?"

लालासाहेब त्यांना वळसा घालून बाहेर पडले. लेकाची आशा त्यांनी मनातल्या मनात सोडली होती, पण बायकोसमोर हे बोलायची छाती नव्हती.

बाळगोंडांनी त्यांच्यापुढं तीन साचे मांडले. एक वाटोळ्या गोळीचा, तो रायफलीला कामाचा नव्हता. दुसरा लांबट गोळीचा, एकेरी. तिसरा तसाच, पण जोडीचा. एका वेळी दोन गोळ्या निघणारा.

लालासाहेबांनी एकेरी उचलला. एका बंदुकीला एवढा पुरे.

"त्यो नगा," बाळगोंडा म्हणाले. "तुमच्या पोरानं जोडसाचा पसंत करून ठेवलाय की."

लालासाहेबांचा हात तसाच राहिला...

"कुणाच्या पोरानं?"

"कवठ्याकडचं लालासाहेब तुमीच न्हवं? परवा दुपारी आल्तं. पलटणीच्या कपड्यात. हनुवटीवर वण हाय त्येच्या. तिन्ही साचं हाताळलं आन् म्हणालं, ह्योच आबांना द्या. मी म्हटलं, तूच घिऊन जा की गड्या. तर म्हणालं, मला घरात जाता यायचं न्हाई."

लालासाहेबांना हनुवटीवरचा वण तेवढा ऐकू आला.

"आत या म्हटलं, आलं न्हाई," बाळगोंडांचा आवाज उतरला. "पायरीवरच हुबं. बूट चिखलानं भरल्यालं..."

"माघात चिखल?"

"व्हय. त्ये गेल्यावर पायरी धुवाय पाणी घेतलं, तर..."

"तर काय?"

"पायरी कोरडी. मातीचा कण न्हाई."

लालासाहेबांनी जोडसाचा उघडला.

एक खाच रिकामी होती.

दुसरीत गोळी होती... आणि तिच्यावर केसासारखी उभी रेघ.

रिकामा साचा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही, आत एक गोळी घालूनच आणायचा, ही त्यांच्या घरची रीत. ती बाहेरच्या कुणाला ठाऊक असणार?

ते घरापर्यंत कसे आले, त्यांचं त्यांना कळलं नाही. "आगं, पोरगं आलंय!" एवढंच म्हणाले आणि साचा हरणाबाईंच्या ओंजळीत ठेवला. हरणाबाईंनी चूल पेटवली. दार उघडं ठेवलं. आशा वेडी असते हो.

मानसिंग आला नाही.

काही दिवसांनी दादासो आला. शेजारच्या गावचा, मानसिंगच्याच पलटणीतला, जखमी होऊन परतलेला. तो दारातच थांबला.

"मामा... तार न्हाई मिळाली तुमास्नी?"

"कसली तार? पोरगं सांगलीत हाय!"

दादासोला रडू कोसळलं. "मामा, मार्गशीर्षातच गेला वं त्यो. तितं लय चिखल हुता. मीच अग्नी दिला त्येला. मुठीत एक गोळी हुती, मूठ काय उघडंना. तशीच ठिवली. मागनं तुमच्यासाठी राखंत शिसं हुडकलं..."

"मग?"

"थेंब बी गावला न्हाई."

हरणाबाई त्या वेळी रडल्या नाहीत. त्यांनी साच्यातली गोळी काढून मुठीत धरली आणि ती मूठ पुन्हा उघडली नाही. एका हातानं भाकरी थापायच्या. त्याच हातानं डोळे पुसायच्या.

पुढच्या माघात त्या गेल्या. मूठ मिटलेलीच होती. लालासाहेब म्हणाले, राहू द्या तिच्यापाशी.

राख सावडताना त्यांनी ती बोटांनी चाळली.

शिशाचा थेंब नव्हता...

घरी येऊन त्यांनी कोनाड्यातला साचा काढला. हरणाबाईंनी गोळी घेतल्यापासून तो रिकामाच होता. त्यांनी तो उघडला.

दोन्ही खाचा भरलेल्या होत्या.

दोन गोळ्या. दोन्हींवर तीच रेघ.

पोरानं जोडीचा साचा का निवडला, ते त्यांना तेव्हा कळलं. साचा छातीशी धरून तो धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडला.

"मायलेकांचीच जागा केलीस व्हय रं? आन् मी?"

पुन्हा त्यांनी गोळी ओतली नाही. काळविटं यायची, शाळू खायची, ते बांधावर बसून बघायचे.

साचा आता आमच्याकडं आहे. तो कुणी उघडत नाही. मी तर त्या खोलीत एकटा बसतही नाही.

लालासाहेब त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. गेले तेव्हा त्यांची मूठ उघडी होती... आणि हात रिकामा.