वीज नसताना उघडलेलं खातं

बल्कीसने मोबाइल पुढे केला. तिचा नवरा इब्राहीम, बगदादच्या अदमिया मोहल्ल्यात उद हे तंतुवाद्य वाजवणारा, चाळीस दिवसांपूर्वी वारला होता. आज त्याच्या खात्यावर मेल आली होती.

खाजगी तपासनीस सुहाद जमीलने ती मोठ्याने वाचली. "प्रिय अबू खलील, आज दुपारी तीन वाजता तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरवरून खातं उघडलं गेलं. ते तुम्ही नसाल तर खालचं बटण दाबून पासवर्ड द्या. नाहीतर सूर्यास्ताला सगळं पुसलं जाईल."

"सगळं म्हणजे?" तिचा सहकारी यारुब म्हणाला.

"त्याने गाऊन ठेवलेल्या नव्या चाली. त्याचा आवाज आता तेवढाच उरलाय. त्या खात्यात आहेत हे माझा दीर कहतान आणि इब्राहीमचा दुकानातला भागीदार हिकमत, दोघांनाच ठाऊक." बल्कीसचा आवाज खाली गेला. "खोलीला कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात. आम्हाला मूलबाळ नाही; अबू खलील, म्हणजे खलीलचा बाप, हे नुसतं ओळखीच्यांच्या तोंडचं नाव. खात्यावर नाव नुसतं इब्राहीम. मग अबू खलील कंपनीला कुणी सांगितलं? तोच आलाय."

कुलूप काढलं. कॉम्प्युटरवर चादर होती, चादरीवर धूळ. एवढ्यात भिंतीवरच्या उदाची तार आपोआप झणकारली. यारुबने सुहादची बाही पकडली.

"उकाड्याने तार सैल होते," सुहाद म्हणाली. पण तिच्याही अंगावर काटा आला होता.

कहतान वरच्या मजल्यावरून घामाघूम उतरला. "सरकारी वीज गेलेली, त्यात गल्लीला वीज देणाऱ्या जनरेटरवाल्याचा पट्टा तुटला! दोन ते चार भाजून निघालो. इब्राहीम आला म्हणे! इब्राहीम आला असता तर आधी त्या जनरेटरवाल्याला शिव्या घातल्या असत्या."

हिकमत शहराच्या दुसऱ्या भागातल्या, करादाच्या दुकानातून आला. "सकाळपासून गल्ल्यावरच होतो. वहिनी, अबू खलीलचा जीव होता त्या चालींत. विषाची परीक्षा कशाला? पासवर्ड देऊन मोकळ्या व्हा."

सूर्य कलला होता. बल्कीसचं बोट बटणाकडे गेलं.

"थांबा!" सुहादने मोबाइल काढून घेतला. "घाबरवून घाई करणाऱ्या मेलचं बटण दाबायचं नसतं. खातं आपल्या नेहमीच्या वाटेने उघडायचं." तिने खात्यातली नोंद दाखवली. "चाळीस दिवसांत फक्त हा मोबाइल. तीन वाजता कुणीही आलं नाही."

"भुताची नोंद होत नसेल," यारुब पुटपुटला.

"भुताला वीज लागत नसेल, कॉम्प्युटरला लागते. तीन वाजता गल्लीत वीजच नव्हती. हे वर भाजून निघालेल्या कहतानला पक्कं माहीत होतं; त्याने तीनची वेळ लिहिलीच नसती. करादात पंख्याखाली बसलेल्याला कसं कळणार? शिवाय मूल नसलं तरी इब्राहीम नावाच्या माणसाला अबू खलीलच म्हणायचं, ही बगदादची रीत. कंपनीची नाही. कहतान भावाला नावाने हाक मारतो. हिकमत, तुम्ही सवयीने मेलमध्येही तेच लिहिलंत."

हिकमत उदाकडे बघत राहिला. "एका गायकाला चाली देतो असं कबूल करून बसलो होतो. माझ्या म्हणून."

कहतानने त्याची गचांडी धरून त्याला दाराबाहेर काढलं. यारुबला वाटलं, आता बल्कीस हसेल. ती कॉम्प्युटरवरच्या धुळीकडे बघत होती.

"चाली वाचल्या, तुझे उपकार," ती सुहादला म्हणाली. "पण दोन तास माझ्यासाठी तो घरात होता गं. भीती वाटत होती, तरी चहाचा दुसरा पेला मी मांडला होता."