ऐकण्याचा पेपर

तळेगाव ढमढेऱ्यात बाजारतळाच्या अलीकडे बी-बियाणं आणि खतांचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर मोनालीचा भाषांचा क्लास भरायचा. जिना लोखंडी, खोली लांबट, आणि कितीही उदबत्त्या लावल्या तरी खालच्या फवारणीच्या औषधांचा उग्र वास वर यायचाच. आठवडेबाजाराच्या दिवशी तर खिडक्या लावूनच शिकवावं लागे, कारण मेथीच्या जुडीचा भाव आणि जर्मन क्रियापदं एकाच वेळी पोरांच्या डोक्यात शिरत नसत.

मोनालीला जर्मन आणि जपानी उत्तम यायची, फ्रेंच वाचता यायची आणि कोरियन तिनं अलीकडेच सुरू केली होती. पुण्यात राहून शिकली, मग काही वर्षं कारखान्यांमध्ये दुभाषी म्हणून काम केलं. परदेशी पाहुणा आणि आपला साहेब यांच्या मधे बसून दिवसभर दुसऱ्यांचंच बोलायचं, याचा कंटाळा आला तेव्हा गावात परत येऊन तिनं क्लास काढला. परदेश तिनं स्वतः पाहिला नव्हता. पहिली संधी वडिलांच्या आजारपणात गेली आणि पुढं कधी जुळून आलंच नाही. पण तिच्या हाताखालची पोरं-पोरी विमानात बसत होती, आणि तिकडून फोटो आले की ती ते मोठे करून बघायची. रस्ते, दुकानांच्या पाट्या, खिडक्यांतल्या कुंड्या.

शिकवण्याची तिची पद्धत ठरलेली होती. आधी कान, मग तोंड.

“लहान पोर किती दिवस नुसतं ऐकत असतं,” ती सांगायची. “मग बोलतं. तुम्हाला कसली घाई झालीय?”

त्या वर्षीच्या जर्मनच्या बॅचमध्ये प्रांजल आली. केंदूरच्या बबनरावांची थोरली. नर्सिंग करून दौंडच्या एका खाजगी दवाखान्यात लागली होती. सुट्टीला गावी आली की न चुकता क्लासला यायची. जर्मनीत म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला नर्स हव्या आहेत हे तिच्या कानावर आलं होतं, आणि वडिलांकडून तिनं कसंबसं एक वर्ष मागून घेतलं होतं. वाचायला चांगली, लिहायला बरी, बोलायला लाजरी. ऐकण्यात मात्र शून्य.

एके दिवशी मोनालीनं नेहमीचा सराव घेतला. रेकॉर्डिंगमध्ये स्टेशनवर एक प्रवासी गाडीची चौकशी करतो आणि खिडकीतला माणूस त्याला उत्तर देतो. एवढंच.

“प्रांजल, सांग. गाडी कुठल्या फलाटावर येणार?”

प्रांजल गोंधळून उभी राहिली. “मॅडम, ह्यात गाडी कुठं हाय? एक म्हातारी बाई बोलतीय. खिडकी लावून घ्या म्हणतीय कुणाला तरी.”

सगळा वर्ग हसला. मोनालीही हसली. कळलं नाही की पोरं अंदाज ठोकतात, हे तिला नवीन नव्हतं. तिनं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.

“आता?”

प्रांजलनं डोळे मिटून ऐकलं. “आता ती पाव खातीय. ग्सेल्ट्स संपलं म्हणती.”

“काय संपलं?”

“ग्सेल्ट्स.”

हा शब्द मोनालीला माहीत नव्हता. घरी जाऊन तिनं शब्दकोश पाहिला, त्यात मिळेना. बऱ्याच शोधानंतर बोलीभाषांच्या एका पानावर सापडला. जर्मनीच्या नैर्ऋत्येकडच्या मुलखात, तेही घरातल्या घरात, जॅमला ग्सेल्ट्स म्हणतात. पुस्तकांत तो नव्हता. इतकी वर्षं जर्मन शिकवूनही तो मोनालीच्या कानावर आला नव्हता, आणि प्रांजलला अजून भूतकाळ नीट जमत नव्हता.

पोरीनं मोबाइलवर कुठं तरी ऐकलं असेल, असं मोनालीनं स्वतःला समजावलं. ती सहजासहजी भिणारी बाई नव्हती. पण पुढच्या वेळी क्लास सुटल्यावर तिनं प्रांजलला थांबवून घेतलं. वायरचे जुने इअरफोन काढले, एक बोंड प्रांजलच्या कानात दिलं, दुसरं स्वतःच्या कानात घातलं आणि फोन मांडीवर ठेवून रेकॉर्डिंग लावलं.

मोनालीच्या कानात प्रवासी गाडीची चौकशी करत होता.

“काय ऐकू येतंय?”

“आज तिचे गुडघे दुखत्यात,” प्रांजल हळू आवाजात म्हणाली. “कोणी भेटायला आलं न्हाई. बाहेर बर्फ पडलाय.”

बाकाखाली मोनालीनं फोनमधून वायर उपटली. तिच्या कानातला प्रवासी अर्ध्या वाक्यात थांबला. खालून दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

प्रांजलची मान मात्र हलतच होती. कुणी सांगतंय आणि आपण ऐकतोय, अशी. मधेच ती जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली, आणि ते व्याकरणाला धरून होतं.

मग ती मोनालीकडे वळली.

“मॅडम, ती इचारतीय, शेजारी कोण बसलंय?”

मोनालीनं कानातलं बोंड काढलं. वायरचं टोक तिच्या मुठीत होतं. ते तिनं प्रांजलला दाखवलं.

प्रांजलनं ते पाहिलं आणि खाली मान घातली. “माहीत हाय मला,” ती म्हणाली.

त्या आठवड्यात मोनाली दौंडला गेली. दुपारची वेळ, वॉर्डमध्ये पेशंट जेवून पडलेले. जवळून मालगाडी गेली की खिडक्यांची तावदानं थरथरत. प्रांजल एका म्हातारबाबांना कुशीवर वळवत होती. काम उरकून ती व्हरांड्यात आली आणि दोघी बाकड्यावर बसल्या.

“कधीपासून?”

“पयल्या धड्यापासून. आमच्याच डॉक्टरांकडून कान तपासून घेतले मी. काय न्हाई निघालं.”

“भीती नाही वाटत?”

“वाटली ना. लय वाटली. मग कळलं, ती एकटी हाय.” प्रांजलनं वॉर्डकडे पाहिलं. “मॅडम, मी दिवसभर म्हाताऱ्या माणसांचं ऐकते. निम्म्यांना मी कोण हे पण माहीत नसतं. ही त्यांच्यातलीच एक. मी पण बोलते तिच्याशी. आधी जर्मन येत नव्हतं तवा मराठीतच बोलायचे. गावाकडचं, आईचं, शेवंतीच्या तोडणीचं, काय पण. तिला काय कळत असंल, पण ती थांबून ऐकायची.”

मोनाली तळेगावला परतली तर जिन्यापाशी बबनराव उभे होते. टोपी हातात, पायात तालुक्याला जायच्या चपला.

“मॅडम, जरा बोलायचं होतं. पोरगी एकटीच बोलती घरात. हिच्या आईनं ऐकलंय, शेजारच्यांनी ऐकलंय. लोक इचारत्यात.” त्यांचा आवाज खाली आला. “मी काय वाईट न्हाई हो. शिकू दिलं तिला. पण एक चांगलं स्थळ आलंय. ह्या परीक्षेत पास झाली तर जाऊ द्या तिला, मी आडवा यायचा न्हाई. न्हाई झाली, तर मग तुम्हीच तिला समजून सांगा.”

“सांगीन,” मोनाली म्हणाली.

परीक्षा पुण्यात होती. ऐकण्याचा पेपर सक्तीचा, आणि त्यात नापास म्हणजे सगळ्यात नापास. सरावाला मोनालीनं जे जे लावलं त्यात प्रांजलला एकच बाई ऐकू आली. बातम्या लावल्या तरी तीच, हवामान लावलं तरी तीच.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी प्रांजल रिकाम्या वर्गात रडवेली होऊन बसली होती. डोक्याच्या डॉक्टरला दाखव, हे मोनालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला आपलं जुनं काम आठवलं. दोघं एकदम बोलायला लागले की दुभाष्यानं एकाला हात दाखवून थांबवायचं असतं. कोण खरं, कोण खोटं, हे त्याचं काम नाही.

“प्रांजल, तिला सांग. उद्या पेपर आहे, तू गप्प राहा.”

प्रांजलनं चमकून वर पाहिलं. “असं सांगायचं व्हय? वयानं मोठी हाय ती.”

“अदबीनं सांग.”

प्रांजल उठून खिडकीपाशी गेली. पाठमोरी, हलक्या आवाजात, ती जर्मनमध्ये बोलली. मोनालीनं शब्द न् शब्द ऐकला. इतकं स्वच्छ आणि इतकं मायेचं जर्मन तिच्या वर्गात आजवर कुणी बोललं नव्हतं.

पेपर झाला. निकाल आला. ऐकण्यात प्रांजलला बॅचमध्ये सगळ्यात जास्त गुण होते. बबनरावांनी दुकानापासून वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले आणि स्थळाला स्वतःच नकार कळवला.

फक्त प्रांजल गप्प होती.

“ती बोलतच न्हाई आता, मॅडम,” ती म्हणाली. “पेपरच्या दिवसापासून. मी रोज हाक मारते. रागावली का काय, कळत न्हाई.”

उन्हाळ्याच्या तोंडावर प्रांजल जर्मनीला गेली. तिच्या आईनं, सिंधूबाईंनी, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि विमानतळावर काचेआडून लेक दिसेनाशी होईस्तोवर हात हलवला. नेमणूक कुठं होणार हे नर्स पाठवणाऱ्या एजन्सीनं ठरवलं होतं. एका लहानशा गावात वृद्धाश्रम होता. मोनालीनं ते गाव नकाशात शोधलं. ग्सेल्ट्स म्हणणाऱ्या मुलखातलंच निघालं. तिनं नकाशा मिटला आणि त्यावर फार विचार करायचा नाही असं ठरवलं.

पावसाळा उतरणीला लागला असताना, एका दुपारी वर्ग चालू असतानाच प्रांजलचा व्हिडिओ कॉल आला. जपानीची नवी बॅच होती. पोरं हेडफोन लावून ऐकण्याचा सराव करत होती. मोनालीनं स्वतः रेकॉर्डिंग बंद केलं आणि फोन टेबलावर उभा केला.

पांढऱ्या गणवेशातली प्रांजल जरा गोरी, जरा भरलेली दिसत होती. डोळे लाल होते, पण ती हसत होती.

“मॅडम, सापडली.”

मोनाली खुर्चीत बसली.

“हेडविग नाव हाय. मला इतके दिवस दुसऱ्या मजल्यावर काम होतं. काल इकडं पाठवलं. मॅडम, तिला ऐकू येतच न्हाई. कितीतरी वर्षं झाली. सगळे पाटीवर लिहून बोलतात तिच्याशी. इथल्या सिस्टर म्हणाल्या, मागं एकदा ती काय तरी विचित्र बडबडाय लागली, कुणाला एक अक्षर कळेना. डॉक्टर म्हणाले, वयामुळं मेंदूचं असं होतं.”

“मग?”

“मी नाश्ता घेऊन आत गेले. ती खिडकीकडं तोंड करून बसलेली. मागं वळून पण बघितलं न्हाई, आन् म्हणाली, आलीस व्हय? लय वाट बघाय लावलीस.”

“कुठल्या भाषेत?”

“मराठीत, मॅडम. आपल्या केंदूरच्या.”

वर्गात पंखा फिरत होता.

“मी रडले,” प्रांजल म्हणाली. “म्हणलं, आजी, पेपरनंतर तुम्ही बोलला का न्हाई? तर म्हणती, तूच सांगितलंस गप ऱ्हा. परत बोल, असं कुठं सांगितलंस?”

दोघी हसल्या, आणि हसता हसता मोनालीनं डोळे पुसले. कालपासून हेडविग पोटभर जेवत होती, प्रांजलचा हात धरून बागेत फिरून आली होती. इतकी वर्षं स्वतःतच बंद असलेली बाई बोलते आहे म्हणून तिची मुलगी दुसऱ्या शहरातून निघाली होती, आणि मायलेकींच्या मधे बसून दोन्हीकडचं बोलणं प्रांजल पोचवणार होती.

“थांबा, दाखवते.”

पडद्यावर एक म्हातारी आली. कापसासारखे केस, निळे डोळे, मागं हिरवी टेकडी. तिनं फोनकडे निरखून पाहिलं.

“ह्या व्हय तुझ्या मॅडम,” ती म्हणाली. “तवा शेजारी बसल्या व्हत्या त्या.”

“हो, आजी,” मोनाली म्हणाली.

हेडविग तिच्याकडे बघत नव्हती. तिची नजर मोनालीच्या खांद्यावरून मागं गेली होती. तिनं एक बोट वर केलं.

“जरा थांबा,” ती म्हणाली. “त्या मागल्या पोरीशी कोण बोलतंय?”

मोनाली वळली.

पोरं फोनभोवती गोळा झाली होती. शेवटच्या बाकावर मात्र शिरूरहून येणारी समृद्धी एकटीच बसली होती. कानांवर हेडफोन होते. रेकॉर्डिंग बंद होतं.

“लय लांबनं बोलतंय,” हेडविग म्हणाली.

समृद्धीची पाठ ताठ होती, दोन्ही हात मांडीवर. समोरच्या भिंतीकडे पाहत ती हसली आणि कमरेतून सावकाश वाकली, वयानं मोठ्या माणसासमोर जपानात वाकतात तशी.

तो धडा मोनालीनं अजून शिकवलेला नव्हता.