बाहेरून धरलेली चौकट

मोबाइल उलटे ठेवा आधी. आणि मधेच फिदीफिदी हसायचं असेल त्यानं आत्ताच जाऊन झोपावं. ही ऐकीव गोष्ट नाही, आमच्या साडूभाऊंच्या बाबतीत घडलेली आहे.

साडूभाऊ म्हणजे सुताराचं पोर. रिटायर झाल्यावर घरामागच्या बागेत त्यांनी कामाची खोली बांधायला घेतली. खिडकीची चौकट स्वतः केली, सागवानी, अडीच फुटी. सकाळी लाल प्रायमर मारला, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळला. आता चौकट भिंतीत बसवायची तर दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून धरायची, दुसऱ्यानं आतून पाणसळ लावून सरळ आहे का बघायचं. लहानपणापासून बाहेरून धरायचा तो त्यांचा दादा. पण वडिलांच्या रंध्यावरून दोघांत वाजलं होतं. सहा वर्षं बोलणं बंद. चूक साडूभाऊंची, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. पण सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही!

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. रात्रीचे पावणेआठ. अमावास्या वगैरे काही नव्हती, उगाच तिखटमीठ लावणार नाही मी. मेहुणी लेकीकडे गेलेली. साडूभाऊ एकटेच चौकट भिंतीच्या भोकात टेकवून झटत होते. आत बल्ब, बाहेर मिट्ट काळोख. चौकट बाहेरच्या अंगाला कलंडली... आणि मधेच थांबली. दोन्ही कडांवर बोटं दिसली. जाडजूड, ओळखीची.

"दादा?"

"हं."

साडूभाऊंना भरून आलं. वाटलं, आत्ताच म्हणावं, चुकलो रे. पण तोंडातून निघालं काय? "जरा डावीकडे घे."

चौकट डावीकडे सरकली.

"किंचित वर."

वर झाली. अर्धा तास हेच. मनात म्हणाले, पाचरी ठोकून होऊ देत, मग बाहेर जाऊन बोलू. चहा टाकू.

सव्वाआठला फोन वाजला. वहिनींचा. रडत होत्या.

"भाऊजी... हे गेले हो. साडेसातला, दवाखान्यात. शेवटपर्यंत तुमचीच वाट..."

फोन कानाला. नजर चौकटीवर. बोटं तिथेच होती.

"दादा..."

साडूभाऊंनी फोन खाली ठेवला.

"दादा, चुकलं माझं..."

एक बोट सुटलं. मग दुसरं... मग सगळी. बाहेर नुसता काळोख.

चौकट हलली नाही. पाचर एकही ठोकलेली नव्हती.

"अर्धा तास उभा होता हो तो!" मला सांगताना साडूभाऊ ढसाढसा रडले. "आणि मी त्याला डावं-उजवं करायला लावलं."

सकाळी त्यांनी बाहेरून पाहिलं. वाळलेल्या रंगात दोन पंजे उमटलेले. त्यांनी पॉलिशपेपरनं घासले. वरून तीनदा रंग मारला. बाकी चौकट वाळली.

याला अकरा वर्षं झाली. परवा गेलो होतो, तेव्हा मीच हात लावून पाहिला... पंजांच्या जागी रंग अजून ओला आहे. बोटांना लागतो.