लाल इशारा

"मला खोटा गुन्हेगार नको," तालाई म्हणाला. "खरा हवा."

बुरुल एजेच्या, म्हणजे बुरुलताईच्या, समोरच्या खोलीत तो टोपी गुडघ्यावर धरून बसला होता. पुढ्यातला दूध घातलेला चहा निवून गेला होता आणि बशीतल्या तळलेल्या बोरसोकांना त्याने हातही लावला नव्हता. नऊ दिवसांपूर्वी, बुधवारी, त्याची बायको ऐचुरेक जिल्हा रुग्णालयात वारली. वय सव्वीस. बाळंत होऊन दोनच दिवस झाले होते. ताप चढला म्हणून नर्सने इंजेक्शन दिलं, आणि अर्ध्या तासात सगळं संपलं.

"लहानपणीही ती पेनिसिलिनने मरता मरता वाचली होती. दाखल करताना मी डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्यांनी कार्डावर लाल पेन्सिलीने लिहून घेतलं, मी डोळ्यांनी पाहिलं."

त्याने खिशातून कागद काढून टेबलावर मांडले. मृत्यूचा दाखला. फाटकावर दाखवायची, डॉक्टरीणबाईंनी हाताने लिहिलेली पावती: बायकांचा वॉर्ड, खाट चार. आणि रुग्णालयाचं पत्र. नर्स नुरझातने वॉर्डातल्या टॅबलेट-संगणकावरचा लाल इशारा वाचूनही इंजेक्शन दिलं, तिला कामावरून काढलं आहे आणि प्रकरण सरकारी वकिलांकडे सोपवलं आहे.

"मग गुन्हेगार सापडला की," ओर्मोन म्हणाला. तो गुरांचा निवृत्त डॉक्टर होता. गेली चार वर्षं बुरुलची जुनी निवा गाडी तोच चालवायचा आणि विचारात बहुतेक वेळा बुरुलच्या दोन पावलं मागे असायचा. ते त्यालाही ठाऊक होतं.

"मलाही तसंच वाटलं, ओर्मोन बाइके. पण परवा ती माझ्या दारात आली. मी आत घेतलं नाही. दिवसभर बाहेर दगडावर बसून राहिली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, 'मला लाल काही दिसलं नाही.' आणि निघून गेली. खोटं बोलायचं असतं तर माझ्या दारात कशाला आली असती?"

बुरुलने रुग्णालयाचं पत्र दोनदा वाचलं. तेवीस वर्षं सरकारी तपासात घालवून तिने नोकरी सोडली ती वरिष्ठाच्या टेबलावर फाइल आपटून. तिच्या कपाळावरची शीर उभी राहिलेली ओर्मोनला दिसली. असं झालं की गाडी काढायची वेळ होते, हे त्याला माहीत होतं.

नुरझात भावाच्या घरी होती. तिशीची, डोळे सुजलेले, पण बोलणं सरळ.

"टॅबलेट आले ते बरंच झालं होतं, एजे. औषध कधी दिलं, किती दिलं, शोधत बसावं लागत नाही. पण 'अ‍ॅलर्जी' या रकान्यात सगळ्यांच्या नावापुढे आधीच 'नाही' लिहून येतं. तीन महिने मी सांगत होते, तो रकाना रिकामा ठेवा, विचारल्याशिवाय भरू देऊ नका. आणि कागदी कार्डं तर वॉर्डात यायचीच बंद झाली. खाली तळघरात कुलपात जातात."

"बुधवारी काय झालं?"

"ताप अडतीसच्या वर गेला की टॅबलेट ठरलेलं पेनिसिलिनचं इंजेक्शन दाखवतो. पूर्वी आम्ही आधी कातडीवर चाचणी घ्यायचो. आता 'नाही' असलं की चाचणीचं पान उघडतच नाही. मी 'नाही' वाचलं. दोन वाजून पाच मिनिटांनी सुई दिली." ती थांबली. "पंचवीस मिनिटं आम्ही सगळ्या तिच्या छातीवर दाब देत होतो."

"तुझ्या नावाने टॅबलेटवर दुसरं कुणी लिहू शकतं?"

"कुणीही. नावावर बोट ठेवायचं आणि चार शून्यं दाबायची. सगळ्यांची खूण तीच. घाईत कोण लक्षात ठेवणार, म्हणून तशीच दिली होती."

बाहेर आल्यावर ओर्मोन म्हणाला, "बिचारी. पण नोंद तर तिच्या विरुद्ध आहे."

"नोंद कुणीतरी लिहिलेली असते, ओर्मोन. आभाळातून पडत नाही."

रुग्णालयात तंत्रज्ञ एर्किनने आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग नोंदी छापून हातात ठेवल्या. बुरुलने त्या मोठ्याने वाचल्या.

"सोमवार, चार वाजून दहा. डॉक्टर वेनेरा. ऐचुरेक, खाट नऊ. अ‍ॅलर्जी, पेनिसिलिन. बुधवार, दोन वाजून चार. नर्स नुरझात. लाल इशारा दाखवला, 'वाचला' दाबलं. दोन वाजून पाच. इंजेक्शन दिलं. दोन वाजून एकवीस. साल्किन, खाट दोन, ताप सदतीस. दोन चाळीस. ऐचुरेक, मृत्यू."

"झालं ना?" एर्किन म्हणाला. "यंत्र खोटं बोलत नाही, एजे. माणसं बोलतात."

"खाटेचा नंबर यंत्र घालतं का?"

"नाही, लिहिणाऱ्यानेच टाकायचा."

"आणि वेळ?"

"नेटवर्क असलं तर मुख्य संगणकाची. नसलं तर टॅबलेटच्या स्वतःच्या घड्याळाची, मग नेटवर्क आलं की सगळं एकदम वर जातं. बुधवारी सकाळपासून टॉवर बंद होता. सोमवारीही दुपारभर नव्हताच."

"तुला नोंद बदलता येईल?"

"मला?" तो हसला. "मुख्य संगणकावरून मी पाहिजे ती वेळ, पाहिजे ते नाव घालीन. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"आणि ते 'नाही'? आधीच भरून ठेवायची अक्कल कुणाची?"

त्याचं हसू गेलं. "रकाना रिकामा असला की पान पुढे सरकत नव्हतं. रोज बोंबाबोंब. तपासणी तोंडावर आली होती. मग वरून हुकूम आला, 'नाही' भरून टाक." त्याने छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर मुख्य डॉक्टरांची खोली होती.

बायकांच्या वॉर्डात नऊ खाटा होत्या, शेवटची खिडकीशी. दोन नंबरवर साल्किन आपा पायाला पट्टी बांधून बसली होती. सत्तरीची बाई, बोलायला कुणी मिळालं म्हणून खूश झाली.

"गुणी पोर होती गं. सोमवारी आली तेव्हा माझ्या समोरच, चार नंबरवर. बुधवारी सकाळी तिथला गरम पाण्याचा नळ फुटला, सगळा बिछाना भिजला. म्हणून तिला खिडकीशी हलवली. तिथे ऊन येतं म्हणाली. जेमतेम चार-पाच तास ऊन खाल्लं तिने."

"तुमचा ताप त्या दिवशी कधी पाहिला, आपा?"

"चहानंतर. साडेतीनला चहा येतो, त्या दिवशी कुणाला घशाखाली गेला नाही. मग ती दुसरी नर्स आली, डोळे पुसत पुसत. म्हटलं, बाई, राहू दे. तर म्हणे, टॅबलेटमध्ये भरावंच लागतं, आत्ताच जागेवर आलाय."

"म्हणजे आधी जागेवर नव्हता?"

"टेबलावर नव्हता थोडा वेळ. कोणी नेला, मी नाही पाहिलं. मी रडत होते."

ओर्मोनने वहीत लिहून घेतलं. त्यातून त्याला काहीच उमगलं नाही. बुरुल मात्र दारातच उभी राहिली, आणि तिची नजर खाट चारवरून खाट नऊवर गेली.

डॉक्टर वेनेरा तपासणीच्या खोलीत सापडली. ओठ कोरडे, बोटं सतत चाळवत.

"मी कार्डावर लिहिलं होतं. कार्डावरचं टॅबलेटमध्ये घालायला वेगळा माणूस येणार होता, तो कधी नेमलाच नाही."

"पण नोंद तुमच्या नावाने आहे."

"असेल. मीच घातली असेन. आठवत नाही."

"ती नोंद तुम्हाला वाचवते, डॉक्टर. आणि नुरझातला बुडवते."

वेनेराने पेन उचललं आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

मुख्य डॉक्टर कुबात सादिरोविच यांनी मात्र दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला. त्यांच्या डोक्यामागे नवी कोरी चौकट होती. प्रांतातलं पहिलं कागदमुक्त रुग्णालय.

"दुःखद आहे. पण नवी साधनं आली की जुन्या सवयीची माणसं अशी उघडी पडतात. मी तर इथे नव्हतोच. रविवारपासून राजधानीत होतो, हा सन्मान घ्यायला. बुधवारी साडेबाराला परतलो. जेवत होतो तोच बोलावणं आलं. धावत गेलो, तर खिडकीपाशी ती पडलेली. जिवंत असताना मी तिला पाहिलीही नाही."

"तिच्या बाळाचं नाव माहीत आहे?" बुरुलने विचारलं.

"नाही."

"नवऱ्याचं?"

"असं बघा, वर्षाला चार हजार रुग्ण येतात."

बुरुल उठली. जिन्यात तिने कठड्यावर मूठ इतक्या जोरात आपटली की खालचा पहारेकरी वर बघू लागला.

"ओर्मोन, सरकारी वकिलांच्या माणसाला फोन लाव. उद्या अकराला सगळे सभागृहात. त्यांनी सील केलेला तो टॅबलेट घेऊन यायला सांग."

दुसऱ्या दिवशी सगळे आले. वकिलांचा अधिकारी पुढे बसला, तालाई मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. नुरझात दाराशीच थांबली. कुबात सादिरोविचनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"सोमवारी चार दहाला लिहिलेल्या नोंदीत ऐचुरेकची खाट नऊ आहे," बुरुलने सुरुवात केली. "पण सोमवारी ती चार नंबरवर होती. फाटकाच्या पावतीवर चार आहे, साल्किन आपाही तेच सांगते. नऊवर ती गेली बुधवारी सकाळी, नळ फुटल्यावर. सोमवारी बसून बुधवारची खाट कुणाला कळली?"

वकिलांच्या अधिकाऱ्याने छापील नोंद आणि पावती शेजारी शेजारी ठेवून पाहिली.

"म्हणजे ती नोंद बुधवारी झाली. टॅबलेटचं घड्याळ मागे फिरवून. टॉवर बंद होता, यंत्राने मुकाट्याने खोटी वेळ लिहून घेतली. मग घड्याळ बुधवारच्या दोन चारवर आणलं, नुरझातच्या नावावर बोट ठेवलं, चार शून्यं दाबली आणि इशारा 'वाचला'. लाल इशारा पहिल्यांदा उजळला तेव्हा ऐचुरेक थंड पडलेली होती."

तालाईने हातातली टोपी चुरगळली.

"हा तर्क झाला," कुबात सादिरोविच म्हणाले. "खाटेचा आकडा चुकू शकतो."

"शकतो. पण साल्किन आपाचा ताप? नोंद म्हणते दोन एकवीस. त्या वेळी वॉर्डातली एकूण एक नर्स ऐचुरेकच्या छातीवर दाब देत होती. आपाचा ताप पाहिला तो साडेतीनच्या चहानंतर. घड्याळ खऱ्या वेळेवर आणायचं विसरलात, कुबात सादिरोविच. टॅबलेट सव्वा तास मागे चालत राहिला."

"मी? इथे तीन माणसांना ती नोंद सोयीची होती."

"बरोबर. एर्किनने ते 'नाही' भरलं होतं, तोही अडकला असता. पण त्याला टॅबलेटला हात लावायची गरज नव्हती. त्याने मुख्य संगणकावरून माग न ठेवता काम केलं असतं. वेनेरा? सोमवारी ऐचुरेकला चार नंबरवर तिनेच टाकलं, पावतीवर आकडा तिच्या हाताचा आहे. सोमवारची नोंद रचताना तिने चारच लिहिलं असतं. नर्सांनीही. नऊ कोण लिहील? ज्याने त्या बाईला फक्त एकदाच, खिडकीशी, मेलेली पाहिली तो. हे तुम्हीच मला सांगितलंत."

एर्किन हळूच उभा राहिला. "घड्याळ फिरवलं की टॅबलेटच्या आत खऱ्या वेळेसकट त्याची नोंद राहते," तो अधिकाऱ्याला म्हणाला. "कुणी मागितली नाही, म्हणून मी काढली नाही." त्याने सील तोडून घेतलं आणि बराच वेळ काहीबाही दाबत राहिला. "तीन वाजून सहा. घड्याळ सोमवारवर नेलं. तीन एकोणीस. बुधवार, दोन चारवर आणलं."

"कुणी नेलं, हे त्यात लिहिलंय का?" कुबात सादिरोविचनी विचारलं. आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता.

"मी सांगते," वेनेरा म्हणाली.

ती खुर्ची मागे सारून उभी राहिली. "मृत्यूच्या कागदावर सही घ्यायला मी तीनच्या सुमाराला तुमच्या खोलीत आले, तेव्हा वॉर्डातला टॅबलेट तुमच्या मांडीवर होता. तुम्ही म्हणालात, वेनेरा, तुम्ही वाचलात. आणि मी गप्प बसले. दहा दिवस."

"दहा दिवस," बुरुल म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "नुरझात तालाईच्या दारात दगडावर बसली होती, आणि तुम्ही, डॉक्टर, जेवत होता, झोपत होता. आणि तुम्ही, कुबात सादिरोविच. चूक कुणाचीही होते. ती पोर तुमच्या हुकुमाने मेली, तरी ती चूक म्हणता आली असती. पण त्यानंतर तुम्ही तेरा मिनिटं शांतपणे बसून एका नर्सचं आयुष्य खोडलंत. भिंतीवरची चौकट वाचवायला."

कुबात सादिरोविचनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. अधिकाऱ्याने हात वर करून त्यांना थांबवलं आणि आपल्यासोबत चलायला सांगितलं. तालाईच्या शेजारून जाताना ते क्षणभर घुटमळले. तालाईने मुठी आवळल्या. ओर्मोन एक पाऊल पुढे झाला, पण गरज पडली नाही. तालाईने फक्त तोंड फिरवलं.

"टॅबलेट काढून टाका म्हणावं का?" ओर्मोनने हळूच विचारलं.

"कशाला? त्यानेच घड्याळाचं सांगितलं ना? ते 'नाही' काढा. विचारल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही." ती एर्किनकडे वळली. "आज. जेवायच्या आधी."

सभागृह रिकामं झालं. नुरझात अजून दाराशीच होती. तालाई तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"माझाही दोष आहे," ती म्हणाली. "तोंडी विचारायला एक मिनिट लागलं असतं. मी काचेवर विसंबले."

तालाई दाराच्या चौकटीला टेकला.

"शेवटी ती काही म्हणाली का?"

"सुई देताना विचारत होती, बाळ दूध प्यायलं का. मी म्हटलं, प्यायलं, झोपलंय. मग हसली."

तालाईने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"त्या गडबडीत पोरीची पहिली लस राहून गेलीय," तो म्हणाला. "सोमवारी, तुम्ही कामावर परतलात की, घेऊन येतो. तुम्हीच द्या."

नुरझातने होकारार्थी मान हलवली, आणि तो पायऱ्या उतरून गेला.