पुसलेली वाट

कापसातली सरकी काढणाऱ्या जानेफळच्या जिनिंगमध्ये डिंपल वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर बसायची आणि प्रज्वल अमडापूरच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटर अन् नेटवर्क सांभाळायचा. दोन्ही जिनिंग भगवंतरावांच्याच, पण नेटवर्क वेगवेगळं आणि मधे दोन्ही जोडणारा एक राउटर, डिंपलच्या टेबलावर. एक दिवस इकडची वजनं तिकडं जाईनात. राउटरवर प्रज्वलचा नंबर चिकटवलेला होता, तो तिनं लावला.

"त्याले फक्त वाट सांगा लागते," पलीकडचा आवाज म्हणाला. "माहितीचं कोणतं पाकीट कुठं पाठवायचं, ते."

"अन् ज्याची वाट त्याले माहीतच नाही... ते?"

"ते सारं माह्याकडं येते."

काय बाई हा माणूस! फोन ठेवल्यावरही ती एकटीच हसत होती.

मग रोजच काहीतरी अडायला लागलं. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा काहीच अडलेलं नसायचं. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला होता, काट्यावर गाड्या येईनात. दिवसभर बोलायला चिटपाखरू नाही. त्याचा फोन आला की डिंपलला माणसांत आल्यासारखं वाटे. भेट मात्र एकदाही झाली नव्हती.

शेवटी भगवंतरावांनी अमडापूरची जिनिंग बंद केली.

"आज तुमच्या राउटरमधून इकडची वाट पुसून टाकतो," प्रज्वल म्हणाला. "इथूनच करतो, तुमी बसा. मले नाशिकले नोकरी लागली... उद्या चाललो."

"बरं," एवढंच ती म्हणाली. आता हा फोन तरी कशाला करणार? नुसतं 'बरं' म्हटल्याचा तिला स्वतःचाच राग आला.

दुपारी पुन्हा फोन.

"गडबड झाली. ज्या वाटेनं तुमच्या राउटरमधी शिरलो, तीच आधी पुसली. आता आत जाता येत नाही. बाकीचं तिथं येऊनच करा लागीन."

राउटर तिच्या समोरच होता. दोन मिनिटांचं काम, त्यानंच शिकवलेलं. 'मी करते' हे ओठांवर आलं... ते तिनं गिळलं.

"मले नाही जमत ते."

"जमते तुमाले. मीच शिकवलं."

डिंपलनं समोरचा कीबोर्ड बाजूला सारला.

"हाव, जमते," ती हळूच म्हणाली. "पण मी नाही करत. तुमी या. एकटीले लय कंटाळा येते इथं... अन् मले तुमाले पाहायचं हाय."

पलीकडून कंडक्टरची घंटी ऐकू आली.

"कवाचा जानेफळच्या बसमधी बसलो हाय," प्रज्वल म्हणाला. "येऊ का नको, तेवढंच विचारत होतो."